निषेध नोंदवा

लहानपणी मला वाटायचं, आमच्या माझगावात सगळ्यात जास्त निषेध गोदीची भिंत करते.

शाळेत जाता-येता ती लांबच लांब भिंत लागायची आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर पाट्या. ‘प्रवेश निषेध’. ‘धूम्रपान निषेध’. मी नुकती वाचायला शिकले होते आणि दिसेल ते मोठ्याने वाचत चालायचे. निषेध हा शब्द मला टीव्हीवरच्या मराठी बातम्यांमुळे माहीत होता. कुठेतरी मोर्चा, कुणाचा तरी पुतळा जळतोय, खाली पट्टी फिरतेय, ‘घटनेचा तीव्र निषेध’. त्यामुळे माझी समजूत अशी, की कुणीतरी न विचारता आत शिरलं, कुणीतरी बिडी ओढली आणि भिंत त्यांच्यावर भडकलीय.

एक दिवस आजोबांना विचारलं, “ही भिंत कुणाचा निषेध करतेय?”

आजोबा रस्त्यातच थांबून हसले. म्हणाले, “अगं, ती पाटी हिंदी आहे. हिंदीत निषेध म्हणजे मनाई.”

“मग मराठीत?”

“मराठीत, मनाई करायची ताकद नसली की माणूस जे करतो ना, तो निषेध.”

तेव्हा मला काही कळलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या चाळीच्या एका मीटिंगमध्ये ते कळायची वेळ आली, आणि त्या वेळी मी चुकीच्या बाजूला बसले होते. ती गोष्ट सांगायचीय. पण आधी शब्दाकडे बघू, कारण भांडण शेवटी शब्दावरच झालं.

संस्कृतात निषेध म्हणजे मनाईच. काय करावं ते सांगणारा विधी, काय करू नये ते सांगणारा निषेध. मीमांसावाल्यांनी या जोडीवर प्रचंड खल केलाय. हिंदीने तो अर्थ जवळपास जसाच्या तसा ठेवला. मराठीत तो एका कोपऱ्यात उरलाय. ‘त्याला कसलाही विधिनिषेध नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्याने कुणाचा मोर्चा अडवला असा अर्थ नसतो. त्याला काही वर्ज्य नाही, इतकंच. बाकी सगळीकडे मराठीत निषेध म्हणजे घडलेल्या गोष्टीविरुद्ध काढलेला आवाज. निषेध सभा, निषेधाचा ठराव, काळ्या फिती लावून निषेध, फ्लेक्सवरचा ‘जाहीर निषेध’.

आणि आपल्या फोनमधला निषेध तर वेगळाच. मैत्रिणीने मला सोडून मिसळ खाल्ली, फोटो टाकला, की मी खाली लिहिते, ‘जाहीर निषेध!’ इंटरनेटवरच्या जुन्या मराठी मंडळींनी तर ‘न’चा ‘ण’ करून ‘णिषेध’ असा खास चेष्टेचा शब्दच काढला. मीही तो शेकडो वेळा लिहिला असेन. इतक्या वेळा लिहिल्यावर खरा निषेध करायची वेळ येते तेव्हा तोंडात शब्दच नसतो, असं काहीसं माझं झालं.

आता आजोबांबद्दल. ते बॅलार्ड इस्टेटला एका नोटरी वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. सगळी नोकरी तिथेच. नोटरी म्हटलं की आपल्याला कोर्टाबाहेरचं टेबल, शिक्के आणि ॲफिडेव्हिट आठवतं. पण बंदराजवळच्या नोटरीकडे एक वेगळं गिऱ्हाईक यायचं, जहाजाचा कप्तान. समुद्रात वादळ लागलं, लाटा डेकवरून गेल्या, मालाचं नुकसान झालं असण्याची शक्यता असली, की बंदराला लागल्यावर कप्तान शक्य तितक्या लवकर, शक्यतो चोवीस तासांत, लॉगबुक घेऊन नोटरीपुढे यायचा आणि ‘प्रोटेस्ट’ नोंदवायचा. १९५२च्या नोटरी कायद्यात नोटरीच्या कामांच्या यादीत हे काम आजही आहे.

लहानपणी मला ही गोष्ट परीकथेसारखी वाटायची. कप्तान कुणाविरुद्ध निषेध नोंदवतो? वाऱ्याविरुद्ध? “हो, वाऱ्याविरुद्ध, लाटांविरुद्ध,” आजोबा सांगायचे. पावसाळ्यात त्यांचं काम वाढायचं. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, इतका वारा होता, आम्ही आमच्याकडून सगळी काळजी घेतली, तरीही नुकसान झालं असेल तर ते आमच्या हातून झालेलं नाही. एवढं लिहून सही, साक्षीला जहाजावरचे दोन-चार लोक, आणि शिक्का.

“मग वारा थांबायचा?” मी विचारायचे.

“वारा तर तेव्हा केव्हाच थांबलेला असायचा.”

प्रोटेस्ट या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘टेस्टिस’ आहे. टेस्टिस म्हणजे साक्षीदार. प्रोटेस्ट म्हणजे मुळात उघडपणे दिलेली साक्ष. घोषणा, मूठ, पेटलेला टायर हे सगळं नंतर आलं. आणि आपण मराठीत निषेध ‘करतो’ तसा ‘नोंदवतो’ही. निषेध नोंदवला, असं पेपरात रोज येतं आणि आपण ते सरकारी भाषा म्हणून सोडून देतो. आजोबांसाठी मात्र त्या दोन शब्दांतला महत्त्वाचा शब्द दुसरा होता. ते म्हणायचे, आधी नुसती नोंद करायची. चार ओळींची पुरते. सविस्तर प्रोटेस्ट नंतर कधीही वाढवून लिहिता येतो. पण नोंदच नसेल तर वाढवणार काय?

आता मीटिंग.

आमची चाळ भंडारवाड्याच्या टेकडीपासून पाच मिनिटांवर होती. टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, खाली पाण्याची टाकी, वर बाग, आणि कठड्याशी उभं राहिलं की गोदीतल्या क्रेन आणि अर्धवट बांधलेली जहाजं दिसतात. चाळीत बेचाळीस खोल्या. आमच्या खोलीत आम्ही पाच जण. संडास गॅलरीच्या टोकाला. बारावीचा अभ्यास मी जिन्यात बसून केला. हे सांगतेय ते कौतुक म्हणून नाही, पुढे मी जे केलं त्याचं कारण म्हणून.

२०१९च्या मे महिन्यात रिडेव्हलपमेंटसाठी भाडेकरूंची सभा झाली. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक फिरता पंखा, थंड सरबत. मी भाषांतराचं काम करते, मराठी टायपिंग हातात बसलेलं, म्हणून सेक्रेटरीकाकांनी इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं. लॅपटॉप मांडीवर. विषय क्रमांक तीन, पात्र भाडेकरूंच्या यादीला मंजुरी देणे.

यादीत बेचाळीस नावं होती. आजोबा उभे राहिले.

“त्रेचाळीसावं नाव कुठाय?”

सगळ्यांना कळलं ते कुणाबद्दल बोलताहेत. जिन्याखालच्या मावशी. त्यांचे यजमान चाळीच्या पाण्याचा पंप बघायचे, म्हणून मालकाने कधीतरी जिन्याखालची जागा त्यांना राहायला दिली होती. भाडं कधी घेतलं नाही. भाडं नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून रजिस्टरमध्ये नाव नाही. यजमान गेल्यावरही मावशी तिथेच राहिल्या. गोदीतल्या कामगारांना पोळी-भाजीचे डबे द्यायच्या. माझ्या आईला उशीर व्हायचा तेव्हा मी शाळेतून थेट त्यांच्याकडे जायचे. रेशनकार्डावर त्यांचा पत्ता आमच्याच चाळीचा होता. पण यादी पावतीवरून केली होती.

“काका, ती खोली नाही, जिन्याखालची जागा आहे,” सेक्रेटरीकाका म्हणाले. “एक नाव वाढवलं तर फाईल परत मागे जाईल. आधीच दोन वर्षं गेली.”

“तिथे माणूस राहतं.”

कुणी काही बोललं नाही. मावशी सभेत नव्हत्या, त्यांना बोलावलंच नव्हतं. त्यांच्या दारातून पोळी भाजल्याचा वास येत होता.

मत घेतलं. एकेचाळीस हात वर गेले. आजोबा उभेच होते. म्हणाले, “माझा निषेध नोंदवा.”

मागून कुणीतरी म्हणालं, “काका, मोर्चा काढताय काय?” आणि हशा पिकला. सेक्रेटरीकाका माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “तू सर्वानुमते लिही. कागद एकमुखी गेला की बरं पडतं. काकांना मी समजावतो.”

मी लिहिलं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’

मला कुणी धमकावलं नव्हतं. मला फ्लॅट हवा होता. घरात संडास असलेला, आणि आतून कडी लावता येईल असं एक दार असलेला. वय पंचवीस होतं आणि आयुष्यात एकदाही मी आतून कडी लावून झोपले नव्हते. तीन शब्द टाईप करताना माझ्या डोक्यात ती कडी होती.

रात्री जेवताना आजोबांनी विचारलं, “लिहिलंस ना?”

मी म्हटलं, “हो.”

आमचे लोक मूळचे मालवणकडचे. गावी जत्रेला, कार्याला देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण पुढे उभा राहून देवापुढे सगळं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्यानंतर ‘होय महाराजा’ म्हणतात. मला ते फार आवडतं. पण त्या दिवशी अंगणात झालं ते तेच होतं, फक्त समोर देव नव्हता, यादी होती. आणि ‘होय महाराजा’ मी लिहून घेतलं होतं.

महिनाभराने इतिवृत्ताची पीडीएफ ग्रुपवर आली. आजोबांना मोतीबिंदू, फोनवरचं दिसत नाही. ते म्हणाले, वाचून दाखव. मी वाचायला लागले. स्थळ, वेळ, उपस्थिती. विषय एक, विषय दोन. तिसऱ्याला आले आणि थांबले. त्यांना दिसत नव्हतं. मी काहीही वाचू शकले असते. ‘एका सभासदाने निषेध नोंदवला’ असं नुसतं तोंडाने म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“पुढे?”

मी होतं ते वाचलं.

आजोबा रागावले नाहीत. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, “टाईप तूच केलंस?” मी हो म्हटलं. मग ते उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, “चल, वर जाऊन येऊ.” वर म्हणजे टेकडीवर.

बागेत बाकावर बसलो. ही बाग ज्यांच्या नावाची, ते काका बाप्टिस्टा आमच्याच माझगावच्या माथारपाखाडीचे. वकील, टिळकांचे स्नेही, १९१६ साली टिळकांनी काढलेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. आजोबा त्यांच्याविषयी नेहमी बोलायचे. त्या दिवशी मात्र ते वेगळंच सांगत होते. १९७५ची गोष्ट. कराडचं साहित्य संमेलन, आणीबाणी लागलेली. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्रीच मांडवात. जयप्रकाश नारायण आजारी होते. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून सगळ्यांना उभं राहून त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. त्यावर ‘नको’ कोण म्हणणार? सगळा मांडव उभा राहिला. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

“त्याने आणीबाणी उठली नाही,” आजोबा म्हणाले. “पण तिथे एक बाई होती, हे कुणाला पुसता आलं नाही.”

मी रडवेली होऊन म्हटलं, “आता काय उपयोग, ठराव तर झाला.”

त्यावर ते एकदम टायपिस्ट झाले. “इतिवृत्त कायम कुठे झालंय अजून? पुढच्या सभेचा पहिला विषय काय असतो?”

तो तुम्हालाही माहीत असेल, तुमच्या सोसायटीच्या नोटिशीवर दरवेळी छापलेला असतो आणि दरवेळी कुणी ऐकत नाही. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’

पुढची सभा ऑगस्टमध्ये झाली. पाऊस होता म्हणून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत दाटीवाटीने. सेक्रेटरीकाकांनी नेहमीप्रमाणे “मागचं इतिवृत्त सगळ्यांनी वाचलंच आहे” म्हणून पान उलटलं. मी उभी राहिले. माझे पाय कापत होते, हे आता लिहिताना गंमत वाटते. समोर सगळे ओळखीचेच होते, निम्म्या लोकांनी मला कडेवर घेतलेलं.

“विषय तीनमध्ये दुरुस्ती आहे. सर्वानुमते नव्हतं.”

“अगं, टाईप तूच केलं होतंस ना?”

“हो. म्हणूनच सांगतेय.”

मग भांडण झालं, आणि गंमत म्हणजे ते मावशींवरून कमी आणि शब्दावरून जास्त झालं. सेक्रेटरीकाका तसे वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, ठीक आहे, दुरुस्ती करू, पण निषेध नको. निषेध म्हटलं की आम्ही काही पाप केल्यासारखं वाटतं. ‘काकांनी हरकत घेतली’ असं लिहू.

हरकत हा छान शब्द आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ हालचाल. हिंदीत हरकत म्हणजे नको ते चाळे. मराठीत अडथळा, आक्षेप. सरकारलाही हा शब्द आवडतो. ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ ही जाहिरात आपण पाहतोच. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकतींचा इतका पाऊस पडला की मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला लावला. म्हणजे हरकतीत ताकद आहे. पण ती वेळेत घ्यावी लागते, निर्णय व्हायच्या आधी. आणि समाधान झालं की ती मागे घेता येते. ‘काही हरकत नाही’ हे तर आपलं आवडतं वाक्य.

आजोबा बसूनच बोलले. “हरकत मी मे महिन्यात घेतली होती. तुम्ही ती ऐकलीत आणि मत घेतलंत. ठराव झाला. झालेल्या गोष्टीला आता हरकत कसली घेऊ?”

“मग विरोध लिहा.”

“विरोध म्हणजे माझा हात खाली होता, एवढंच. तेही लिहा. पण मी तुम्हाला सांगितलं होतं की हे होऊ नये, आणि ते झालं, आणि त्यात मी नाही. याला एकच शब्द आहे.”

मला गोदीची भिंत आठवली. जुन्या संस्कृतातलं ‘हे करू नये’ आणि नोटरीपुढच्या कप्तानाचं ‘हे माझ्या हातून झालेलं नाही’, दोन्ही त्या एका शब्दात जवळ बसले होते. मोर्चातला आणि पुतळ्याजवळचा निषेध मला माहीत होता. हा, हरल्यानंतर शांतपणे लिहून ठेवायचा निषेध, मी पहिल्यांदाच बघत होते.

शेवटी लिहिलं गेलं, ‘ठराव बहुमताने मंजूर. खोली क्रमांक १७च्या भाडेकरूंनी जिन्याखालील रहिवाशांचे नाव यादीत न घेतल्याबद्दल निषेध नोंदवला.’ मीच टाईप केलं. सही झाली.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण मी धावत मावशींना सांगायला गेले, तेव्हा त्या कणीक मळत होत्या. ऐकून म्हणाल्या, “कशाला गं केलंत? आता सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.” आणि तसंच झालं. पुढच्या काही दिवसांत चाळीतले दोन-तीन डबे बंद झाले. फाईल अडली तर मावशींमुळे, अशी कुजबुज सुरू झाली. निषेध आजोबांनी नोंदवला आणि किंमत मावशींनी मोजली. याचं उत्तर माझ्याकडे नाही. आजोबांनाही मी विचारलं, ते गप्प बसले. मला वाटतं, मावशींना आधी विचारायला हवं होतं. मे महिन्यात सभेला त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि ऑगस्टमध्ये आम्हीही नाही.

चाळ रिकामी झाली. आम्ही सध्या घाटकोपरला भाड्याने राहतो, संडास घरात आहे, दाराला कडी आहे. मावशी डोंबिवलीला भावाकडे गेल्या. जाण्याआधी एक दिवस आमच्या दारात येऊन म्हणाल्या, “तो कागद आहे ना, त्याची एक झेरॉक्स मिळेल?” त्यांच्या भाच्याने त्यांच्या वतीने अर्ज केला होता. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आणि सोबत त्या इतिवृत्ताची प्रत. मावशी तिथे राहत होत्या, हे चाळीच्या स्वतःच्या कागदावर लिहिलेलं असं तेवढं एकच वाक्य होतं. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही.

आजोबा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. अधूनमधून विचारतात, “मावशींचं काय झालं?” मी सांगते, “चालू आहे.” ते म्हणतात, “नोंद आहे ना, मग चालू राहील.”

परवा जुन्या फाईली लावताना ती प्रत पुन्हा हाताला लागली. खोली क्रमांक १७च्या भाडेकरूंनी निषेध नोंदवला. भाडेकरू आजोबा, पावती त्यांच्या नावाची. त्या कागदावर माझं नाव एकाच ठिकाणी आहे, अगदी तळाला, ‘इतिवृत्त लेखन’ या शब्दांपुढे. माझा निषेध त्यात कुठे नाही, आणि तो नसणं बरोबरच आहे. मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी मी तो केला नव्हता.